नर्सचा यूके व्हिसा: वकिलाला पैसे नक्की कशाचे द्यायचे

यूकेच्या हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसाचा फॉर्म स्टाफ नर्सला स्वतः भरता येतो. प्रश्न सरळ आहेत, मध्येच सेव्ह करून उद्या पुढे भरता येतो. वकील लागतो तो फॉर्मच्या आधी हातात येणारे दोन कागद वाचायला: सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे नोकरी देणाऱ्या हॉस्पिटलकडून मिळणारं प्रायोजकत्वाचं पत्र, ज्याला सगळे सीओएस म्हणतात, आणि नोकरीचं करारपत्र. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. फॉर्म भरायला एजंटला पैसे मोजले जातात आणि करारावर ‘इथे सही करा सिस्टर’ म्हटलं की सही होते. मी ठरावीक फीमध्ये एका सॉलिसिटरकडून, म्हणजे ब्रिटिश वकिलाकडून, हे दोन कागद तपासून घेतले, फॉर्म स्वतः भरला, आणि आजही कुणी विचारलं तर हाच रस्ता सांगते.

सल्ला कुणाकडून घ्यायचा, हे आधी. यूकेमध्ये नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं हा १९९९च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. सल्ला देणारा सॉलिसिटर असेल तर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या यादीत त्याचं नाव असतं. सॉलिसिटर नसेल तर इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीच्या यादीत असायला हवं. जानेवारी २०२५पर्यंत हिलाच ओआयएससी म्हणत, त्यामुळे जुन्या माहितीत तेच नाव दिसेल. या सल्लागारांच्या तीन पायऱ्या आहेत: लेव्हल १ म्हणजे साधे अर्ज, २ म्हणजे गुंतागुंतीची प्रकरणं, ३ म्हणजे अपिलं. सरळ नर्सिंगच्या नोकरीला लेव्हल १ पुरतो. आधी नकार मिळाला असेल तर वरचा बघा. दोन्ही याद्या ऑनलाइन फुकट तपासता येतात. नाव शोधा आणि तिथे दिलेल्या नंबरवरच फोन करा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या नंबरवर नको. पुण्या-मुंबईत बसून ‘यूके व्हिसा कन्सल्टन्सी’ चालवणाऱ्याला हा ब्रिटिश कायदा लागत नाही. काम बिघडलं तर त्याची तक्रार तिथल्या नियामकाकडे करता येत नाही, एवढं लक्षात ठेवून त्याच्याकडे जा.

भरतीच्या फीचं वेगळं. ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या आंतरराष्ट्रीय भरतीच्या आचारसंहितेत उमेदवाराकडून भरतीची फी घ्यायला मनाई आहे, आणि ती पाळणाऱ्या एजन्सींची यादी एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) एम्प्लॉयर्स या संस्थेकडे मिळते. भारतात परदेशी भरती करणाऱ्या एजंटची नोंदणी १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली लागते आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व वर जीएसटी एवढंच घेता येतं. नोंदणी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते. क्लास, नोकरी आणि व्हिसा असं लाखांचं पॅकेज कुणी पुढे केलं, तर त्यातले कशाचे किती हे लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच गप्पा आटपतात.

सॉलिसिटरने काम घेतलं की पहिलं पत्र येतं त्यात फी ठरावीक की तासाप्रमाणे, प्रत्यक्ष काम कोण करणार आणि तक्रार कुठे करायची हे असतं. ते वाचल्याशिवाय पैसे पाठवू नका. भेटीच्या आधीच सीओएस, करार, पासपोर्टचं पहिलं पान आणि पाच-सहा नेमके प्रश्न ईमेल करा. ‘माझं होईल का हो?’ यात अर्धा तास गेला तर तो तुमच्याच पैशांतला जातो.

आता सीओएस. हा कागद कमी आणि हॉस्पिटलने होम ऑफिसच्या (ब्रिटनच्या गृहखात्याच्या) सिस्टीममध्ये भरलेली नोंद जास्त. तुम्हाला तिचा क्रमांक मिळतो, पण पूर्ण नोंदीची पीडीएफ मागून घ्याच. त्यावर बोट ठेवून बघायचं ते असं. नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर अक्षर न् अक्षर पासपोर्टसारखा. व्यवसायाचा कोड: जनरल वॉर्डच्या नर्सला बहुधा २२३७, मेंटल हेल्थला २२३५, लहान मुलांच्या वॉर्डला २२३६. आठवड्याचे तास, एनएचएसमध्ये साधारण ३७.५. मूळ पगार: या व्हिसासाठी एप्रिल २०२५पासून वर्षाला किमान २५,००० पौंड लागतात, आणि ओव्हरटाइम त्यात धरत नाहीत. खासगी नर्सिंग होम्स इथेच आकडा फुगवतात. ४८ तासांची ड्यूटी धरून वरचा आकडा लिहिलेला असतो, तासांनी भागलं की खरा दर उघडा पडतो. सीओएस मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो, आणि रुजू होण्याच्या तारखेच्या तीन महिन्यांहून आधी तो करता येत नाही.

स्पेलिंगसारखी छोटी चूक असेल तर हॉस्पिटलला त्या नोंदीवर ‘स्पॉन्सर नोट’ टाकता येते, पण ती तुमचा अर्ज जाण्याआधी. कोडच चुकीचा असेल तर नवीन सीओएस मागा. एचआरवाले ‘चालतं हो’ म्हणतील. नकार आला तर तो त्यांच्या नव्हे, तुमच्या रेकॉर्डवर बसतो.

पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी हॉस्पिटलने सीओएसमध्येच दिली असेल तर बँक स्टेटमेंट लागत नाही. नसेल तर १,२७० पौंड सलग २८ दिवस खात्यात दिसले पाहिजेत. मधे एक दिवस जरी शिल्लक त्याखाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून.

करारपत्रात वकिलाची फी खरी वसूल होते. जवळपास प्रत्येक करारात एक कलम असतं: दोन-तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर झालेला खर्च परत करायचा. असं कलम असणं बेकायदा नाही. पण आचारसंहिता म्हणते की रक्कम आधीच स्पष्ट सांगितलेली हवी, झालेल्या खर्चाला धरून हवी, आणि काळ जाईल तशी कमी होत जायला हवी. विमानाचं भाडं, ऑस्कीची (यूकेतल्या नोंदणीसाठी द्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेची) फी, सुरुवातीच्या राहण्याचा खर्च हे सहसा यात येतं. इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी कर्मचारी आणल्याबद्दल सरकारला द्यायचा आकार, मात्र मालकाने स्वतःच भरायचा असतो, आणि ३१ डिसेंबर २०२४पासून दिलेल्या सीओएसची फीही तुमच्याकडून वसूल करता येत नाही. करारात ‘ऑल रिक्रूटमेंट कॉस्ट्स’ असं मोघम लिहिलेलं असलं तर हे दोन्ही त्यात बिनबोभाट शिरतात. माझ्या सॉलिसिटरने सांगितलेला उपाय साधा होता: ‘या रकमेची बाबवार यादी आणि दर महिन्याला ती किती कमी होणार याचा तक्ता द्या’ असा ईमेल सहीआधी एचआरला करायचा. उत्तर नम्रच येतं, आणि तक्ताही येतो. ऑस्की होईपर्यंतचा पगार आणि पिन (नर्स म्हणून नोंदणी क्रमांक) मिळाल्यावरचा बँड ५चा, म्हणजे नोंदणीकृत नर्सच्या सुरुवातीच्या वेतनश्रेणीचा पगार हे दोन्ही आकडे करारात वेगवेगळे लिहिलेले असावेत. २०२५–२६ला एनएचएसचा बँड ५ वर्षाला ३१,०४९ पौंडांपासून सुरू होत होता.

मराठी नर्सचा खास घोळ म्हणजे नाव. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाने, त्यात आडनाव आधी. पासपोर्ट लग्नानंतरच्या नावाने, मधलं नाव नवऱ्याचं. मार्कशीटवर आणखी तिसरं स्पेलिंग. यूकेत नर्सची नोंदणी करणारी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजे एनएमसी, पडताळणीसाठी मुंबईच्या कौन्सिलकडे विचारणा करते तेव्हा दोन्हीकडची नावं जुळली नाहीत की फाइल अडकते. लग्नामुळे नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला पुरतो. स्पेलिंगच वेगळं असेल तर राजपत्रात नाव बदलून घ्या आणि ते आधीच करून ठेवा. ग्रामपंचायतीचे मराठीतले दाखले जोडायचे असतील तर भाषांतराखाली भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. नुसता नोटरीचा शिक्का त्याची जागा घेत नाही.

पोलिस क्लिअरन्सचं गणित असं: गेल्या दहा वर्षांत, वयाच्या अठराव्या वर्षानंतर, ज्या देशात एकूण १२ महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येकाचं. भारताचं पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. सौदी, कुवेतला काम करून आलेल्यांचे हाल होतात, कारण देश सोडल्यावर तिथून ते काढणं म्हणजे बोटांचे ठसे, दूतावास आणि तिथला ओळखीचा माणूस. आखातात असाल तर निघण्याआधी काढा. खरंच मिळत नसेल तर काय काय प्रयत्न केले हे पुराव्यासकट पत्रात लिहायचं असतं. ते पत्र मात्र वकिलाकडून तपासून घ्या. टीबीची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करायची, दाखला सहा महिने चालतो.

इंग्रजीसाठी पुन्हा परीक्षेला बसवणारे क्लासवाले भेटतील. नोंदणीसाठी एनएमसीने तुमची आयईएलटीएस किंवा ओईटी स्वीकारली असेल तर नर्सला व्हिसासाठी वेगळी परीक्षा लागत नाही.

आणि तो प्रश्न: पूर्वी कुठल्याही देशाचा व्हिसा नाकारला गेला आहे का? कुठल्याही म्हणजे अमेरिकेचा टुरिस्टसुद्धा. नकार लिहिल्याने अर्ज सहसा पडत नाही, लपवल्याने पडतो, आणि फसवणुकीचा शिक्का बसला तर दहा वर्षं दार बंद होऊ शकतं. एजंटने परस्पर फॉर्म भरला असेल तर पाठवण्याआधी त्याची प्रत मागा. खाली ‘मी जाहीर करते’ असं तुमचं नाव असतं, त्याचं नसतं.

व्हिसाची फी एप्रिल २०२५च्या दराने तीन वर्षांपर्यंत ३०४ पौंड, त्याहून जास्त मुदतीला ५९० होती. नवरा, मुलं यांची तेवढीच, प्रत्येकाची वेगळी. हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठी व्हिसासोबत भरायची रक्कम, या व्हिसाला माफ आहे. इतर बहुतेक प्रौढांना तो वर्षाला १,०३५ पौंड पडतो. फॉर्ममध्ये सरचार्ज मागितला गेला तर थांबा, चुकीचा व्हिसा निवडला गेलाय. फॉर्म गेल्यावर मोठी चूक दिसली तर बायोमेट्रिकच्या आधी अर्ज मागे घेता येतो आणि फी परत मिळते. ठसे दिल्यानंतर ती मिळत नाही. व्हीएफएसच्या, म्हणजे अर्ज आणि ठसे घेणाऱ्या खासगी कंपनीच्या, काउंटरवरचा माणूस फक्त कागद पुढे पाठवतो, त्याला नियम विचारू नका.

नकार आलाच तर बहुतेकांना अपील नसतं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू, म्हणजे होम ऑफिसकडूनच निर्णयाची फेरतपासणी, असतो: भारतातून अर्ज असेल तर २८ दिवसांत, फी ८० पौंड. अधिकाऱ्याची चूक झाली असेल तरच त्याचा उपयोग. कागदच कमी पडला असेल तर नवा अर्ज बरा. यातलं कुठलं हे ठरवायला मात्र वकील हवाच, आणि नकाराचं पत्र हातात पडल्याच्या दिवशीच, कारण मुदत त्या दिवसापासूनच चालू झालेली असते. इकडे येऊन नोकरी सुटली तर व्हिसा साधारण ६० दिवसांवर आणतात. तेव्हा शोधत बसण्यापेक्षा रुजू झाल्यावर लगेच युनियनचं सभासदत्व घ्या. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगच्या सभासदांना इमिग्रेशनचा सल्ला मिळतो, आणि कराराचं भांडण झालं तर त्यांचाच माणूस सोबत बसतो.