जुम्मा बाजारातली गोटीची बाटली

शुक्रवारी पहाटेची पहिली लोकल पकडून सँडहर्स्ट रोडला उतरले आणि चालत मटण स्ट्रीट गाठला. चोरबाजारातली जुन्या वस्तूंची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. उजाडायच्या आत पोचलं नाही, तर चांगला माल व्यापारी उचलून नेतात.

ताडपत्रीवर घड्याळं, नळाच्या तोट्या, कपबश्या आणि एका कडेला बाटल्यांचा ढीग. आधी हातात आली ती अंड्यासारख्या बुडाची, उभी न राहणारी. ती मुद्दाम तशी घडवायचे: आडवी ठेवली की बूच ओलं राहतं, आकसत नाही, सोड्यातला वायू टिकतो. तोंडाशी टवका उडालेला दिसला, ठेवून दिली.

तिच्याखालीच हवी ती होती. गोटी सोड्याची! लंडनच्या हायरम कॉडने १८७२मध्ये पेटंट घेतलेली ही करामत मला अजूनही थक्क करते. बाटली उलटी धरून भरायची. सरळ केली की वायूच्या दाबाने गोटी गळ्यातल्या रबरी कड्याला घट्ट बसते. वेगळं बूच नकोच.

अशा बाटल्या उत्तर प्रदेशात सासनीला अलीकडेपर्यंत बनत होत्या, त्यामुळे नवी बाटली जुनी म्हणून गळ्यात पडायची भीती असते. मी मोबाइलच्या उजेडात बूड पाहिलं. वर्षानुवर्षं फरशीवर, क्रेटमध्ये घासल्याच्या रेघा वेड्यावाकड्या, खोल-उथळ असतात; मुद्दाम घासलेल्या एकसारख्या दिसतात. इथे एक कड जास्त झिजली होती. काचेत बुडबुडे होते. रबर दगडासारखं कडक झालेलं, पण गोटी शाबूत. तीच दुर्मीळ, कारण गोटीसाठी पोरांनी किती बाटल्या फोडल्या असतील! माझ्या आईनेही फोडली होती.

“चाचा, कितना?”

“पाँच सौ.”

साडेतीनशेला दिली, वर जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळूनही.

घरी धुऊन, पाणी भरून आईच्या हातात दिली. गळ्याला एका अंगाला दोन खोबण्या असतात. ती बाजू खाली धरून ओतलं तरच गोटी तिथे अडते, नाहीतर घरंगळत तोंडाशी येते आणि धार बंद. हे मी तिला सांगणार, तोवर तिने न बघताच अंगठ्याने खोबण्या चाचपल्या, बाटली फिरवली आणि पेला भरला.