‘घटनेचे वर्णन’ आणि चार ओळींची जागा

आम्हा फौजींच्या पीटीएसडीच्या (भीषण घटनेनंतर जडणारा मानसिक आजार) अर्जातला ‘घटनेचे सविस्तर वर्णन’ हा रकाना ज्याने कुणी काढला, त्याला एकदा तो स्वतः भरायला बसवायला हवं. जागा चार ओळींची. त्यात तारीख, ठिकाण, हजर असलेल्यांची नावं.

मी चार ओळीच लिहिल्या, तर खिडकीवरून अर्ज परत. ‘सविस्तर म्हटलंय ना?’ सविस्तर लिहून नेला, तर पुढच्या टेबलावरच्या बाईंनी तो वाचलाच नाही. ‘तुम्हीच सांगा काय झालं ते.’ मागे रांग, शेजारी झेरॉक्सचं मशीन खडखडतंय आणि मी उभ्याउभ्या स्फोटाबद्दल सांगतोय. ‘तारीख नक्की हीच का?’ असं त्यांनी विचारलं, तोवर हाताच्या घामाने अर्जाचा कोपरा भिजला होता. पुढे साहेब बदलले. पुन्हा पहिल्यापासून. घटनेतला महत्त्वाचा भाग न आठवणं हे याच आजाराचं लक्षण, निदानाच्या निकषांतच ते आहे. आणि हे तारखेवरून उलटतपासणी घेणार!

शेवटी घरी, जरा बऱ्या दिवशी, बायकोला शेजारी बसवून सगळं एका पानावर लिहिलं, सही केली, प्रती काढल्या. कुणी विचारलं की पान पुढे सरकवायचं, ‘यात आहे’ म्हणायचं. या युक्तीचा मला आजही अभिमान वाटतो. तारीख आठवत नसेल तर ‘सुमारास’ लिहा. जुनी पत्रं, युनिटमधल्या सोबत्याचं लेखी निवेदन जोडा.

निदानाला वेळ लागला नाही. पीसीएल-५ ही या आजाराच्या लक्षणांबद्दलची २० प्रश्नांची प्रश्नावली, प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण. प्रश्न गेल्या महिनाभराबद्दल असतात, तेव्हा त्या दिवशी बरं वाटतंय म्हणून ‘मी ठीक आहे’ असं ठोकून देऊ नका. फौजेतली खोड असते ती.

उपचार प्रोलाँग्ड एक्स्पोजरचे, म्हणजे टाळलेल्या आठवणीला हळूहळू सामोरं जाण्याचे; मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेले. साधारण ८ ते १५ बैठका. म्हणजे इथेही तीच घटना सांगायची, तीही डोळे मिटून, आत्ता घडतेय अशी, आणि तिचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. पण समोरच्याला घाई नसते आणि बैठक संपताना तो तुम्हाला अधांतरी सोडत नाही. सुरुवातीला त्रास वाढलाच. मग एका संध्याकाळी रेकॉर्डिंग ऐकताऐकता मला चक्क जांभई आली. हे सांगितलं तर डॉक्टर माझ्याहून खूश!

हो, एक राहिलंच. वाईट स्वप्नांसाठी प्राझोसिन दिलं, तर ते मुळात रक्तदाबाचं औषध. रात्री अंथरुणातून झटकन उठू नका, चक्कर येते. कार्यालयात एकटे जाऊ नका. आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची शिक्क्याची पोच घ्या. माझी फाइल ‘सापडत नाही’ म्हणाले होते. पोच दाखवल्यावर त्याच कपाटातून निघाली.