कर्नाळा : वनरक्षकाबरोबर चढताना काय पाहावे

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने साधारण १२ किलोमीटरवर कर्नाळा पक्षी अभयारण्याचे फाटक आहे. किल्ल्याची वाट इथूनच, अभयारण्यातून चढते. सोबत वनरक्षक किंवा स्थानिक वाटाड्या मिळेल का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. सकाळी फाटकावर पोहोचल्यावर माणूस मोकळा सापडेलच असे नाही.

चढायला अडीच तास धरा, पाणी माणशी तीन लिटर. पहिला टप्पा दाट झाडीतला. इथे बोलणे बंद ठेवले तर भृंगराज, शामा हे पक्षी ऐकू येतात. ओढ्याच्या बाजूला शीळकरी कस्तूरही. झाडी संपून सोंड, म्हणजे डोंगराची उघडी धार, लागली की ऊन थेट डोक्यावर येते आणि वाटेत घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी, सुरू होतो. बहुतेक जण पडतात ते उतरताना, याच ठिकाणी. टाच आधी न टेकवता पूर्ण पाऊल आडवे टाकावे.

सोंडेवर कर्णाई देवीचे देऊळ लागते. तिथे थांबून खाली बघा. कोकणातल्या बंदरांकडून बोरघाटाकडे जाणारी व्यापारी वाट या डोंगराच्या नजरेखालून जात असे. माथा एवढासा, तटबंदी आता पडकी, तरी प्रत्येक सत्तेला हा किल्ला हवा होता, तो या वाटेसाठी. देवगिरीच्या यादवांपासून गुजरातचे सुलतान, निजामशाही, पोर्तुगीज असे हात बदलत तो शिवाजी महाराजांकडे आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळाही होता. १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला, तेव्हा माती आणि फळ्यांचे आडोसे पुढे सरकवत ते चढले. सोंडेवर उभे राहिले की हे का करावे लागले ते कळते: लपायला जागाच नाही. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने तो इंग्रजांकडे घेतला.

माथ्यावरचा सुळका काळ्या पाषाणाचा, सुमारे १२५ फूट उंच. त्याच्या पायथ्याशी कोरलेली पाण्याची टाकी आणि कोठारे आहेत. टाक्यातल्या पाण्याच्या भरवशावर मात्र चढू नका.

सुळक्यावर आग्यामाश्यांची पोळी असतात. इथे वाटाड्याचा शब्द शेवटचा. धूर, अत्तर, आरडाओरडा, दगड मारणे, यातले काहीही माश्या उठवते. डंख मारल्यावर नांगी कातडीतच राहते आणि तिच्या वासावर बाकीच्या माश्या त्याच माणसावर येतात. म्हणून हात झाडू नये, माशी चिरडू नये. डोके-तोंड कापडाने झाकून, कडेपासून लांब राहत, आल्या वाटेने झाडीत उतरावे. नांगी तिथल्या तिथे नखाने खरवडून काढावी. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. प्रत्येक गटाकडे एक मोठी सुती चादर असलीच पाहिजे. तिची गरज तिथे पोहोचल्यावर सांगून उपयोग नसतो.

दुपारी एकच्या आत उतरायला लागा. परतताना पनवेलच्या वाटेवर शिरढोण लागते, वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव. त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. तिथे थांबून मागे वळून पाहा.