नाइटफॉल इन मिडल-अर्थ: जोर कशात, घोळ कुठे

ब्लाइंड गार्डियन या जर्मन मेटल बँडचा हा 1998 चा अल्बम टोल्कीनच्या ‘सिल्मरिलियन’ या काल्पनिक पुराणकथांच्या पुस्तकावर बेतलाय. 22 ट्रॅक, त्यात पूर्ण गाणी 11 च. बाकीचे संवाद आणि छोटे दुवे.

खरं बळ गायक हान्सी कुर्शच्या आवाजात आहे. एकाच आवाजाचे थरावर थर चढवून कोरस एवढा भरतो की सैन्यच गातंय असं वाटतं. ‘टाइम स्टँड्स स्टिल’मध्ये एल्फ राजा फिंगोल्फिन एकटा दुष्टांचा स्वामी मॉर्गोथच्या दारात जाऊन त्याला ललकारतो, तिथे हे थर अंगावर येतात. त्यानंतरचं पूर्ण गाणं ‘थॉर्न’ संथ, कडवट. पुढे ‘द एल्डार’ पियानोवर. हा उतार अप्रतिम जमलाय.

घोळ कथेच्या क्रमात आहे. एल्फांचं गुप्त शहर गॉन्डोलिन उभारण्याचं ‘मिरर मिरर’ नवव्या जागी आणि त्याच्या कितीतरी आधीची, एल्फांनी बर्फातून तुडवलेली वाट (‘नोल्डोर’) अकराव्या! पुस्तक न वाचलेला श्रोता इथे हमखास चुकतो. दुवेही मध्येमध्ये वेग तोडतात. तरी शफल बंदच ठेवा, नाहीतर ते निव्वळ तुकडे उरतात. पहिल्यांदा ऐकताना गीतं समोर हवीतच.