शेंडी बघा, मग हात घाला
आमच्याकडे कॉकाटिएल (डोक्यावर पिसांची शेंडी असलेला छोटा परदेशी पोपट) आलाय, आधीच्या मालकांची बदली झाली म्हणून. याचं सगळं मन शेंडीत, एकदम ताठ म्हणजे दचकलाय, डोक्याला चपटी आणि वर फुस्स आवाज म्हणजे हात लांब ठेवा नाहीतर चावणारच, अर्धी सैल असली की साहेब निवांत. झोपायच्या आधी चोच करकर घासतो ते खुशीतलं, आई उगाच घाबरली होती. हात वरून न्यायचा नाही, शिकारी पक्षी वरूनच येतो ना. सध्या राळ्याचं कणीस जाळीतून धरतो, तो मान लांब करून खातो नि लगेच मागे सरकतो. त्याने बोटावर यावं याची मला घाई नाही, बायकोला आहे.