टायरची कल्पना आमची : आमची वाटचाल

आमच्या गेममध्ये सेव्ह करायचं तर कुत्र्याने स्कूटरच्या टायरवर पाय वर करावा लागतो. ही कल्पना आमची. 2019 साली नागपुरात, महाल भागातल्या दोन खोल्यांत माझ्या भागीदाराला ती सुचली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तोच टायर दुसऱ्याच्या गेममध्ये दिसला.

गेम गल्लीतल्या कुत्र्याचा. दूधवाल्याच्या गाडीमागे धावायचं, पोह्यांच्या ठेल्याखाली सांडलेली तर्री चाटून ठसकायचं, मे महिन्यात कुलरखालची ओली जागा दुसऱ्या कुत्र्याकडून हिसकावायची. इंजिन, म्हणजे ज्यावर गेम बांधतात ते सॉफ्टवेअर, गोडो; ते फुकट, त्यामुळे लायसन्सचा खर्च नव्हता. अ‍ॅनिमेशन भागीदाराचं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये चार पायांचं रिग, म्हणजे हलवता येणारा सांगाडा, बसवणं काय असतं, हे करणाऱ्यालाच ठाऊक. चालताना आधी मागचा डावा, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, पुढचा उजवा. दुडकी धरली की तिरप्या जोड्या एकदम उचलतात. ही चाल बसेपर्यंत त्याने सतरा फाइली फेकल्या. विकतचं अ‍ॅनिमेशन जसंच्या तसं वापरू नका, पाय जमिनीवर घसरतात.

मग बाहेरगावचा एक प्रकाशक आला. पहिला हप्ता वेळेवर दिला आणि बिल्ड, म्हणजे चालू गेम, मागितली, सोर्ससकट, म्हणजे मूळ कोड आणि फाइलींसकट. आम्ही दिली. दुसरा हप्ता सात महिने ‘अकाउंट्सकडे आहे’. आठव्या महिन्यात त्यांचाच मोबाइल गेम निघाला. कुत्रा, गल्ली, टायर. वकिलाने करार वाचून विचारलं, सोर्सवर हक्क कोणाचा हे कुठे लिहिलंय? कुठेच नव्हतं. सही करण्याआधी ते एक कलम घालून घ्या, मैत्री असली तरी.

त्या उन्हाळ्यात तीनपैकी दोन मशीन विकली. पारा 45च्या आसपास. उरलेल्याचं ग्राफिक कार्ड दुपारी तापून बंद पडायचं, म्हणून काम रात्री दहा ते सकाळी सहा. कुलरचं तोंड मशीनकडे करू नका, ओल्या हवेनं बोर्ड जातो. भागीदाराने सहा महिने एक रुपया घेतला नाही. पुढे तो नोकरीला बंगळुरूला गेला. गेममधली चाल मात्र अजून त्याचीच आहे.

टिकलो ते धरमपेठेतल्या एका काकांमुळे. रेल्वेतून निवृत्त. डेमो खेळून फोन केला, “बाप्पा, तुमचा कुत्रा थेट बसते. खरा कुत्रा बसायच्या आधी गोल फिरते.” खरंच होतं. दोन दिवस घालवून फिरवला. नंतर म्हणाले, कुत्र्याला निळा-पिवळा रंग कळतो, लाल-हिरव्यात फरक कळत नाही, मग तुमच्या कुत्र्याला कळमना बाजारातली संत्री केशरी कशी दिसतात? नागपूरच्या माणसाने संत्री मळकट पिवळी रंगवायची! जिवावर आलं, पण रंगवली.

100 डॉलर भरून 2022च्या शेवटी गेम स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, आणला. तेव्हापासून बरं चाललंय.

त्या प्रकाशकाचा गेम मी पैसे देऊन घेतला आणि शेवटपर्यंत खेळलो. त्यांचा कुत्रा थेट बसतो.