टिकली साकवावर अडते तेव्हा

आमच्या गेममधल्या करडाकडे पहिल्या प्लेटेस्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या लोकांना गेम खेळायला देऊन घेतलेल्या चाचणीत, कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. करडू दिसायला देखणं होतं, रंग छान होते, चालही बरी होती. पण खेळणारी मंडळी स्वतःच्याच नादात पुढे जात होती आणि ते मागून घरंगळत येत होतं. मी या गेमवर कॅरेक्टर ॲनिमेशनचं काम पाहते. पावसाळ्यातला सह्याद्री, शेळ्या राखणारी एक मुलगी, गडाकडे जाणारी वाट आणि सोबतीला टिकली नावाचं काळं करडू, एवढाच गेमचा पसारा. टिकलीचा लळा लागला नाही, तर गेममध्ये उरतं काय?

रेकॉर्डिंग पाहताना दुखणं लगेच सापडलं. टिकली मुलीच्या बरोबर दोन मीटर मागे राहायची. मुलगी वळली की त्याच फ्रेमला (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांपैकी त्याच चित्रात) वळायची, थांबली की त्याच फ्रेमला थांबायची. उभी असली की दोन सेकंदांची मान हलवण्याची एकच हालचाल पुन्हा पुन्हा चालू. म्हणजे ती होती मुलीची सावली. तिला स्वतःचं असं काहीच नव्हतं, मग तिच्याकडे कोण कशाला बघेल?

अशा वेळी मी नव्या मुलांना १९८०चा ‘पॅक-मॅन’ हा गेम उघडून दाखवते. त्यात पॅक-मॅनचा पाठलाग करणारी चारही भुतं आकाराने एकसारखी, फरक फक्त रंगाचा. तरी खेळणाऱ्याला ती वेगवेगळी वाटतात, कारण प्रत्येकाची चाल वेगळी. लाल भूत थेट मागे लागतं. गुलाबी भूत पॅक-मॅनच्या चार घरं पुढची जागा गाठायला बघतं, म्हणून ते समोरून येऊन कोंडतं. नारिंगी भूत दुरून पाठलाग करतं, पण आठ घरांच्या आत आलं की आपल्या कोपऱ्याकडे पळतं. ना संवाद, ना हावभाव, तरी हे भित्रं आणि ते हट्टी असं आपण बोलायला लागतो. पात्राचा स्वभाव त्याच्या वागण्यात असतो. चेहरा तो फक्त पोचवतो.

टिकलीची सुरुवात आम्ही नजरेपासून केली. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते आणि डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे ती नेमकं कुठे पाहते ते डोळ्यांवरून कळत नाही. फोनच्या पडद्यावर तर नाहीच नाही. म्हणून नजर दाखवायचं काम कानांना आणि नाकाला दिलं. मुलीने हाक मारली की आधी कान वळतात, त्यानंतर दोन फ्रेमनी डोकं निघतं, आणखी तीन फ्रेमनी मान, आणि सगळ्यात शेवटी पुढचे पाय. मानेला दोन्ही बाजूंना ७० अंशांची मर्यादा घातली. त्यापुढे मान पिळल्यासारखी दिसते, तिथून अंगानेच वळायचं. एकटक पाहणारं पात्र भीतिदायक वाटतं, म्हणून ती एक ते अडीच सेकंद बघते आणि नजर काढून घेते. मध्ये भिंत किंवा कातळ आहे का, हेही तपासावं लागतं. ती तपासणी राहिली की पात्र भिंतीच्या आरपार बघत बसतं आणि सगळी जादू तिथेच संपते.

दुसरं काम होतं तिला स्वतःची मर्जी देण्याचं. टिकलीला तीन गोष्टींची ओढ किंवा धास्ती दिली: करवंदाचा पाला दिसला की तोंड घालायचं, उंच दगड दिसला की वर चढायचं, आणि पाण्यापासून लांब राहायचं. यातलं काही चालू असताना हाक आली, तर ती लगेच येत नाही. ‘द लास्ट गार्डियन’ या २०१६च्या गेममधला ट्रिको हा अवाढव्य प्राणीही असाच सांगितल्याबरोबर ऐकत नाही, आणि म्हणूनच तो जिवंत वाटतो. पण त्या गेमवर चिडलेले लोकही कमी नव्हते. फोनवर तर उत्तर यायला सेकंदभर उशीर झाला, की बटण दाबलंच गेलं नाही असं वाटून माणूस चार वेळा दाबतो. यावरचा तोडगा असा: हाकेची दखल ताबडतोब, अंमल सावकाश. कान ०.१ सेकंदाच्या आत वळलाच पाहिजे. पाय मात्र ०.४ ते ०.९ सेकंदांनी निघाले तरी चालतात. ऐकू आलंय पण तोंडातला पाला सोडवत नाही, हे खेळणाऱ्याला न सांगता समजतं. धोक्याच्या जागी ही सवलत बंद, तिथे ती तत्काळ निघते. आणि अरुंद वाटेत ती कधीच आडवी येत नाही. दारात अडकणारा सोबती कितीही गोड असला, तरी पाच मिनिटांत नकोसा होतो.

रंगाचं गणित वेगळंच होतं. उस्मानाबादी शेळ्या बहुतेक काळ्या, आमची पार्श्वभूमीही ओल्या काळ्या कातळाची. पडदा कृष्णधवल करून पाहिला तर टिकली दिसेचना. अंग काळंच ठेवलं, पण लांब लोंबत्या कानांवर पांढरे ठिपके आणि कपाळावर एक टिकली दिली. ज्या अवयवाकडून अभिनय करून घ्यायचा, उजेडही त्यालाच. १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये पुढे मारिओ म्हणून गाजलेल्या पात्राला मिशी आणि टोपी मिळाली तीही अशाच अडचणीतून. इतक्या थोड्या पिक्सेलमध्ये तोंड आणि केस काढणं जमणारं नव्हतं. अडचणीतून निघालेली खूण लोकांच्या जास्त लक्षात राहते, असं मला कायम वाटत आलंय.

आवाजाला फार वेळ लागला नाही. टिकलीच्या बें-बें ओरडण्याच्या आठ क्लिप, नुकत्याच वाजलेल्या दोन लगेच परत वाजायच्या नाहीत, आणि दोन ओरडण्यांमध्ये किमान वीस सेकंद.

मग पुढच्या प्लेटेस्टचा दिवस आला. वाटेत ओढ्यावर लाकडी साकव आहे. टिकलीच्या मेंदूत, म्हणजे तिने काय करायचं ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तिथे ओढाताण होते. ज्या ओढीचा आकडा मोठा, तसं ती वागते: मुलीमागे जाण्याचं वजन ०.६० आणि पाण्याच्या भीतीचं ०.५५. आकडे इतके जवळ असले की पात्र दर फ्रेमला निर्णय बदलतं आणि जागच्या जागी थरथरतं. हे टाळायला एकदा घेतलेला निर्णय किमान १.२ सेकंद धरून ठेवायचा असा नियम होता, आणि मधल्या वेळेसाठी मी एक छोटी क्लिप केली होती: पुढचा पाय फळीवर ठेवायचा, आठ फ्रेममध्ये मागे घ्यायचा, मुलीकडे बघायचं, मग पाण्याकडे.

कॉलेजातली एक मुलगी खेळत होती. साकव ओलांडून ती पुढे गेली. टिकली पडद्याबाहेर राहिली की गेम तिला गुपचूप जवळ आणून ठेवतो, म्हणजे थांबायची काहीच गरज नव्हती. पण खेळणारी थांबली, मागे वळली, पूर्ण साकव परत ओलांडून टिकलीशेजारी येऊन उभी राहिली आणि हाकेचं बटण दाबत चक्क फोनशी बोलली, “अगं ये ना, काही नाही होत!” यासाठी गेममध्ये ना गुण होते, ना नाणी. आम्ही काचेपलीकडे बसलो होतो. कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या माना एकदम पडद्याकडे वळल्या. नंतरच्या मुलानेही मागे वळून वाट पाहिली. तिसरा सरळ निघून गेला, तसे लोकही असणारच.

संध्याकाळी बैठकीत सूचना आली, की थांबणाऱ्याला दहा नाणी द्यावीत. मी कडाडून विरोध केला. नाणी दिली की तीच मुलगी पुढच्या साकवावर टिकलीसाठी थांबणार नाही, नाण्यांसाठी थांबेल. शेवटी ठरलं ते असं: पलीकडे पोचल्यावर टिकली मुलीच्या गुडघ्याला डोक्याने एक हलकी ढुशी देते, बस्स. पहिल्या साकवावर ती चार सेकंद अडते, दुसऱ्यावर दोन, आणि तिसऱ्यावर मुलीच्या आधी धावत जाते. भीती कमी होताना दिसली नाही, तर तीच क्लिप पाचव्यांदा बघताना वैताग येतो.

एक काम राहिलं होतं. स्वस्त फोनवर गेम सेकंदाला वीस फ्रेमवर उतरतो आणि आमची वेळापत्रकं तीस फ्रेमच्या हिशोबाने बांधलेली. तिथे सगळंच दीडपट संथ होतं आणि कानाची चपळाई जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्या वेळा फ्रेममधून काढून सेकंदांत लिहायला घेतल्या: कानानंतर डोकं ०.०७ सेकंदाने, मान आणखी ०.१० ने, फळीवरून पाय मागे घेणं ०.२७ सेकंदात.